रोज्याआड लपलेला आजार

मगरिबची अजान होते. दस्तरखानावर खजूर, फळे, भजी, शरबत मांडलेले असते. सगळे हात पुढे करतात, पण सतरा-अठरा वर्षांची मुलगी एका खजुरावर रोजा सोडून उठते. सहरीलाही ती नुसते पाणी पिते. ‘पोरीचा सबर बघा!’ म्हणून घरात कौतुक होते. रमजान सरतो, शव्वालचे सहा रोजे होतात, मग सोमवार-गुरुवारचे नफिल रोजे सुरू होतात. कौतुक चालूच राहते आणि वजन उतरत राहते.

रोजेदार मगरिबची वाट पाहतो. या मुलीला मगरिबची धास्ती वाटते, कारण तेव्हा सर्वांसमोर खावे लागते. हा अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा असू शकतो. वजन वाढण्याची भीती मनात घर करते आणि हाडे दिसू लागली तरी आरशात शरीर जाडच भासते. बुलिमिया या दुसऱ्या आजारात इफ्तारला भरमसाट खाल्ले जाते आणि मग न्हाणीघराचे दार लावून ओकले जाते. वजन फारसे घटत नाही, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. वारंवारच्या उलट्यांनी मात्र पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हे आजार मुलग्यांनाही होतात. त्यांच्याबाबत शंकाच कुणाला येत नाही.

पाळी थांबणे, केस गळणे, उकाड्यातही थंडी वाजणे, उठताना चक्कर येणे दिसले तर ईद होईपर्यंत थांबू नये. लवकर उपचार मिळाले तर बरे होण्याची शक्यता वाढते. डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ या तिघांची मदत लागते. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांकही आहे. रागावून, कसमा घालून उपयोग होत नाही. फार खंगलेल्या मुलीला एकदम पोटभर खाऊ घालणेही धोक्याचे. आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावा लागतो.

‘रोजा सोडला तर गुनाह होईल’ ही भीती असते. सूरह बकरामध्ये आजाऱ्याला रोज्याची सवलत स्पष्ट दिली आहे, आणि मनाचा आजारही आजारच. हदीसमध्ये हजरत अबू दरदा यांचा प्रसंग येतो. नफिल रोजे आणि रात्रीच्या इबादतीत ते शरीराला विसरले होते. पाहुणे आलेल्या हजरत सलमान फारसी यांनी ताट समोर आल्यावर सांगितले, तुम्ही जेवल्याशिवाय मी जेवणार नाही. अबू दरदा यांनी रोजा सोडला आणि ते जेवले. पुढे ही हकिकत पैगंबरांच्या (स.) कानावर गेली, तेव्हा त्यांनी सलमान यांचेच म्हणणे खरे ठरवले.