लिनक्सला 'मूळ' सापडेना, तेव्हा...

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी येथे दर शनिवारी जनावरांचा मोठा बाजार भरतो. तेथे 'दावणीतला तिसरा बैल' एवढीच खूण सांगून कोणास पाठविले आणि मधल्या वेळेत दावणीत आणखी एक जनावर बांधले गेले, तर सौदा भलत्याच बैलाचा व्हायचा. कानातील बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक सांगितल्यास ही चूक टळते. लिनक्स ही संगणकप्रणाली सुरू होताना नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

संगणक सुरू केल्यावर 'ग्रब' हा छोटा प्रोग्राम लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणतो आणि त्यास 'रूट=' अशी सूचना देतो. हार्ड डिस्कच्या ज्या पार्टिशनवर मूळ प्रणाली ठेवलेली असते, त्याचा पत्ता या सूचनेत असतो.

पूर्वी हा पत्ता बहुधा 'एसडीए१', 'एसडीबी१' अशा नावांनी दिला जाई. यातील 'ए', 'बी' ही अक्षरे डिस्क ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने दिली जातात. साहजिकच दुसरी डिस्क जोडली की कालची 'ए' आज 'बी' होऊ शकते. २००७च्या सुमारास जुन्या आयडीई डिस्कची 'एचडीए' ही नावे बदलून 'एसडीए' होऊ लागली, तेव्हाही हीच अडचण आली.

पत्ता चुकला की पडद्यावर 'कर्नल पॅनिक' हा संदेश झळकतो किंवा संगणक मध्येच थांबतो. डिस्क निकामी झाली असे समजून अनेकजण घाईने लिनक्स नव्याने बसवितात. पार्टिशन फॉरमॅट होते आणि दुकानाचे हिशेब, घरातील छायाचित्रे नाहीशी होतात. वास्तविक केवळ पत्ता चुकलेला असेल, तर माहिती जागच्या जागी सुरक्षित असते.

अशा वेळी ग्रबच्या यादीत 'ई' ही कळ दाबावी, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतील पत्ता दुरुस्त करावा आणि कंट्रोल व एक्स या कळा एकत्र दाबाव्यात. ही दुरुस्ती त्या एका वेळेपुरतीच असते. संगणक सुरू झाल्यावर ग्रबची मांडणी आणि 'एफएसटॅब' ही फाईल तपासून ती कायम करावी लागते.

कायमचा उपाय म्हणजे कानातील बिल्ला. फॉरमॅट करताना प्रत्येक पार्टिशनला 'यूयूआयडी' हा स्वतंत्र क्रमांक मिळतो. लिनक्समध्ये तो सहसा ३२ अंकाक्षरांचा असतो आणि 'बीएलकेआयडी' या आज्ञेने पाहता येतो. संगणक सुरूच होत नसेल, तर लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून ही आज्ञा द्यावी. उबुंटूसारख्या प्रणाली आता स्वतःहून हाच क्रमांक वापरतात.

मात्र डिस्कची हुबेहूब प्रत काढल्यास क्रमांकही तोच उतरतो. एकाच क्रमांकाचे दोन बैल बाजारात आले, तर बिल्लाही निरुपयोगी! म्हणून मूळ डिस्क आणि तिची प्रत एकाच वेळी जोडून संगणक सुरू करू नये. आपल्या पार्टिशनचा क्रमांक मात्र आजच वहीत टिपून ठेवावा.