आमची कोठेही शाखा नाही



पुण्याच्या पेठांतून तुम्ही कधी हिंडला असाल, तर एक पाटी नजरेस पडलीच असेल, 'आमची कोठेही शाखा नाही.' बाहेरगावचे लोक ती वाचून हसतात आणि पुणेकराचा तुसडेपणा म्हणून घरी जाऊन सांगतात. मला मात्र ती पाटी लिहिणाराचं कौतुक वाटतं. अवघ्या चार शब्दांत त्यानं दोन कामं उरकली आहेत. माल खरा हवा असेल तर इथंच यावं लागेल, ही झाली जाहिरात. आणि पलीकडच्या गल्लीत आमच्याच नावानं कुणी दुकान थाटलं, तर त्याच्याशी आमचा संबंध नाही, ही झाली राखण. दोन्ही एकाच फळीवर.

आता ही फळी मोबाईलमध्ये गेली आहे. गिऱ्हाईक दुकानासमोर येण्याआधी हातातल्या फोनमध्ये तुमचं नाव शोधतं. तेव्हा आज आपण बोलणार आहोत ते याच पाटीविषयी. इंटरनेटवर आपल्या लहानशा धंद्याची पाटी लावायची कशी, आणि लावल्यावर ती राखायची कशी?

मी राहतो रावेतला. पवनेच्या काठचं हे गाव 1997 साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेलं, आणि पुढे शेताच्या बांधांवर उंच इमारती उभ्या राहिल्या. एका अंगाला त्या इमारतींत चकल्या, लोणची, मसाले करून विकणाऱ्या कितीतरी भगिनी. दुसऱ्या अंगाला भोसरी, तळवडे, चाकण इथल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन टाकून मोटारींचे सुटे भाग करणारे आमचे जुने विद्यार्थी. दोघांचेही प्रश्न माझ्याकडे येतात, कारण मास्तरला सगळं ठाऊक असतं असा एक गोड गैरसमज आपल्याकडे आहे. पण विचारणाऱ्यांमुळे मलाही वाचावं लागलं, हे कबूल करतो.

पहिली गोष्ट नकाशाची. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करायला पैसे पडत नाहीत. आणि गंमत अशी की, तुम्ही नोंद केली नाही तरी ती तिथं आधीच असू शकते, कारण येणारा-जाणाराही ती करू शकतो. इतकंच नव्हे, तर वेळ, पत्ता, फोन नंबर यांत दुरुस्ती सुचवण्याची मुभा कुणालाही असते. आता विचार करा. तुमच्या दुकानाच्या नावापुढे भलत्याच माणसाचा नंबर पडला, आणि त्यानं गिऱ्हाइकाकडून आगाऊ पैसे उकळले, तर शिव्या कुणाला बसणार? म्हणून ती नोंद मालक म्हणून आपल्या ताब्यात घ्यावी आणि महिन्यातून एकदा तरी, गल्ला मोजतो त्याच नियमानं, उघडून पाहावी. व्हॉट्सॲपचं धंद्यासाठीचं निराळं ॲप 2018 पासून आहे. त्यात मालाची यादी, चित्र, भाव लावता येतात. मात्र त्याची दोन पायऱ्यांची कुलूपव्यवस्था चालू करा, आणि फोनवर येणारा सहा आकडी अंक 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्यालाच काय, सख्ख्या भाच्यालाही सांगू नका. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की समजायचं, पैसे येत नाहीत, जाताहेत. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता 1930 या क्रमांकावर कळवावं.

दुसरी गोष्ट स्वतःच्या संकेतस्थळाची. समाजमाध्यमावरचं पान म्हणजे भाड्याची जागा. घरमालकानं नियम बदलले किंवा कुणी पान पळवलं, तर पाच वर्षांची गिऱ्हाइकं एका रात्रीत जातात. स्वतःचं संकेतस्थळ असेल तर निदान उंबरठा आपला राहतो. त्याचं नाव देवनागरीतही घेता येतं. 'डॉट भारत' ही सोय 2014 पासून मराठीसाठी खुली आहे. पण इथं एक ठेच माझ्या ओळखीच्या गृहस्थांना लागली, ती सांगतो. संकेतस्थळ करून देणाऱ्या मुलानं नाव स्वतःच्याच खात्यावर नोंदवलं होतं. पुढे मुलानं नोकरी धरली, फोन उचलेना, वर्षाची मुदत संपली आणि नाव सुटलं. तेव्हा नोंदणी आपल्या नावानं, आपल्या ईमेलवर, आणि नूतनीकरणाची तारीख घरच्या कालनिर्णयावर.

छायाचित्रांचं प्रकरण लोक फार हलक्यानं घेतात. मसाला तुमचा, पण पाकिटावर चित्र इंटरनेटवरून उचललेलं, आणि इन्स्टाग्रामवरच्या फितीला गाणं सिनेमातलं! कॉपीराइटचा आपला कायदा 1957 चा आहे, आणि तो फोटोला लागतो, लेखाला लागतो, गाण्यालाही लागतो. हक्क निर्माण होण्यासाठी नोंदणी लागत नाही. फोटो काढला की हक्क जन्माला आला. जाणूनबुजून उचलेगिरी केली तर सर्वसाधारणपणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड, अशी तरतूद आहे. हाच कायदा तुमच्या बाजूनंही उभा राहतो. फोटोग्राफरला मोबदला देऊन तुम्ही मालाचे फोटो काढून घेतले आणि उलट करार केला नसेल, तर पहिला हक्क तुमचा. फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे तो टिकतो. म्हणून फोटोग्राफरची पावती जपा. 'मालाचे फोटो काढल्याबद्दल' एवढे शब्द तिच्यावर लिहून घ्या. उद्या कुणी तुमचेच फोटो लावून नकली माल विकू लागला, तर त्या माध्यमाकडे तक्रार करताना हीच पावती कामाला येते.

आता मी ज्यासाठी मुख्यतः हे भाषण करतो आहे, त्या मुद्द्याकडे येतो. हा मुद्दा शेडवाल्यांचा आहे, आणि तो सहसा कुणी सांगत नाही.

चाकणच्या बाजूला माझ्या एका विद्यार्थ्याची शेड आहे. त्यानं दोन वर्षं खपून यंत्रावर काम पकडून ठेवणारा एक नव्या तऱ्हेचा शिकंजा तयार केला. एका हातानं लागे, एका हातानं सुटे. पोरगा हरखला. त्यानं त्याच संध्याकाळी शिकंजा उघडून, आतली कळ कशी बसते हे दाखवणारी फीत काढली आणि इंटरनेटवर सोडली. वाहवा झाली, चौकश्या आल्या. पाच महिन्यांनी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ''सर, याचं पेटंट घ्यायचंय.'' मी काय सांगणार? पेटंट मिळतं नव्या गोष्टीला, आणि नवी म्हणजे अर्ज करण्याच्या दिवसापर्यंत जगात कुठंही प्रसिद्ध न झालेली. थोडे अपवाद आहेत, पण स्वतःच्या हौसेनं सोडलेली फीत त्यांत बसत नाही. बाहेरच्याचं ठीक, इथं त्यानं स्वतःच स्वतःच्या घराला भोक पाडलं होतं. डिझाइनचंही तसंच. डिझाइनचा कायदा 2000 सालचा. तो वस्तूच्या डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाला संरक्षण देतो, आणि तिथंही आधी प्रसिद्ध झालेलं रूप नोंदवता येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. शिकंजा चालतो कसा, हा प्रश्न पेटंटचा. दिसतो कसा, हा डिझाइनचा.

मग जाहिरात करायचीच नाही का? करायची, पण क्रम पाळून. पेटंटसाठी आधी तात्पुरता अर्ज देता येतो. एकट्या माणसाला किंवा लहान उद्योगाला त्याचं ऑनलाइन शुल्क 1600 रुपये आहे. तो दिल्यावर संपूर्ण तपशील भरायला बारा महिने मिळतात. मात्र कल्पनेचा गाभा त्या पहिल्या अर्जातच नीट मांडलेला हवा, नाहीतर पुढे उपयोग नाही. अर्जाचा क्रमांक हाती पडला, की मग खुशाल फीत काढा. आणि अर्ज करायचाच नसेल, तर शिकंजा बाहेरून दाखवा, काम किती मिनिटांत होतं ते दाखवा, पण पोट उघडू नका. आमच्या आया कुरडईचा घाणा सगळ्यांसमोर घालत, चिकाचं प्रमाण मात्र सांगत नसत, तसंच.

त्यातच आणखी एक. जॉबवर्कवाल्यांनी मोठ्या कारखान्याचा भाग आपल्या टेबलावर ठेवून फोटो काढण्याआधी ऑर्डरच्या कागदामागची बारीक अक्षरं वाचावीत. गुप्ततेची अट बहुधा तिथंच असते. नमुना गिऱ्हाइकाचा, आराखडा गिऱ्हाइकाचा. तुमची फक्त करणावळ. असा फोटो टाकून चालू काम गमावलेला एक जण मला ठाऊक आहे.

नावाकडे येऊ. ट्रेडमार्कचा कायदा 1999 चा. एकटा मालक किंवा लहान उद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाचं शुल्क मालाच्या एका वर्गाला 4500 रुपये. लहान उद्योगाला ही सवलत घ्यायची तर उद्यम नोंदणीचा दाखला जोडावा, आणि ती नोंदणी मोफत आहे. माल आणि सेवा मिळून 45 वर्ग आहेत. लोणचं 29 व्या वर्गात आणि मसाला 30 व्यात, हे ऐकून आमच्या शेजारणीला फार राग आला होता, कारण तिच्या स्वयंपाकघरात दोन्ही एकाच फळीवर असतात! नोंदणी दहा वर्षांची, पुढे वाढवता येते. पण 'उत्तम मसाले', 'रावेत लोणची' असली मालाचा गुण किंवा गावच सांगणारी नावं सहसा नोंदली जात नाहीत. आणि नोंदणी होण्यापूर्वी नावापुढे वर्तुळातला 'आर' लावू नका. तो खोटा लावणं गुन्हा आहे. 'टीएम' ही अक्षरं लावायला हरकत नाही.

पण नोंदणी नसेल तर सगळं गेलं का? इथं पुण्यातलाच एक खटला ऐकण्यासारखा आहे. पुण्यात 'बर्गर किंग' नावाचं एक उपाहारगृह आहे. त्याच नावाच्या बलाढ्य अमेरिकन कंपनीनं त्याच्यावर 2011 साली दावा लावला. कंपनीचं नाव अमेरिकेत 1954 पासूनचं, पण भारतात तिचं पहिलं दुकान उघडलं 2014 मध्ये. पुण्याचे मालक म्हणत होते, आम्ही नव्वदच्या दशकाच्या आरंभापासून हे नाव वापरतो. 2024 मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयानं कंपनीचा दावा फेटाळला. कंपनी अपिलात गेली, आणि डिसेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुणेकरांना नाव वापरायला मनाई केली. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या मनाईला स्थगिती दिली. खटल्याचे असे हेलकावे पाहून लहान माणसाची छाती दडपते हे खरं. पण त्याचा काटा ज्या प्रश्नाभोवती फिरला, तो लक्षात घ्या. नाव आधी कुणी वापरलं, आणि पुरावा काय? नोंदणीदाराच्या आधीपासून जो माणूस ते नाव अखंड वापरत आला आहे, त्याला कायद्याचं 34 वं कलम आसरा देतं. फक्त 'आधीपासून' हे तोंडानं सांगून भागत नाही.

आणि इथं इंटरनेट आपल्या उपयोगी पडतं. जुन्या दुकानदाराला पंचवीस वर्षांपूर्वीची पावती शोधावी लागते; आज तुम्ही मालाचा फोटो नावासकट टाकलात, की त्यावर तारीख आपोआप पडते. दर दिवाळीला फराळाची यादी नावासह टाकणारी बाई नकळत आपल्या नावाची वहीच लिहीत असते. पण पान बंद पडू शकतं, म्हणून वर्षातून एकदा सगळं उतरवून निराळ्या ठिकाणी ठेवावं आणि जोडीला बिलं, छपाईच्या पावत्या, पाकिटांचे नमुने ठेवावेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमाच्या 63 व्या कलमाप्रमाणे असला पुरावा न्यायालयात देताना ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. नुसता पडद्याचा फोटो छापून नेला तर वकील परत पाठवतो. म्हणून मूळ फोन, मूळ फाईल टाकून देऊ नका.

एकट्याच्या नावापलीकडे गावाचंही नाव असतं. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून ते आहे. जून 2025 मध्ये इटलीतल्या मिलान शहरी प्राडा कंपनीनं आपल्या प्रदर्शनात थेट तसल्याच चपला दाखवल्या, आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. ते फोटो मोबाईलवरून गावोगाव पोचले, लोक खवळले, आणि काही दिवसांतच कंपनीला मान्य करावं लागलं की, ही प्रेरणा भारतीय चपलेची. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, पण ती जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण मानांकनाचे नोंदणीकृत मालक याचिका घेऊन आले नव्हते. पुढे डिसेंबरमध्ये त्या मालकांशी, म्हणजे दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी, कंपनीनं करार केला. गवगवा केला फोटोंनी, पण बोलणी झाली ती ज्यांच्या नावावर कागद होता त्यांच्याशी.

शिक्षक मंडळींना एक काम सुचवतो. आठवी-नववीच्या मुलांना गावातल्या दहा दुकानांची नावं द्या आणि नकाशावर त्यांचा पत्ता, फोन, वेळ बरोबर आहे का ते मालकाला विचारून ताडून पाहायला सांगा. चूक सापडली तर मुलानं मालकाशेजारी बसून ती दुरुस्त करून द्यावी. आमच्या महाविद्यालयाच्या मुलांनी रावेतमध्ये हे करून पाहिलं, तेव्हा एका पिठाच्या गिरणीच्या नावापुढे चक्क दुसऱ्या गावातल्या लाँड्रीचा नंबर निघाला. गिरणीवाले काका म्हणाले, ''तरीच म्हटलं, दिवाळीच्या तोंडावर फोन का येत नाहीत!''