मोटार विमा : पगारी चालकाविषयीचे कायदेशीर दायित्व

मोटारीचा विमा उतरविणे हे आता शहरांपुरते राहिलेले नाही. शिक्षक, ग्रामसेवक, शेतकरी, सहकारी संस्थांचे पदाधिकारी अशा अनेकांच्या दारी आज मोटार उभी असते. ग्रामपंचायतींकडेही घंटागाडी, पाण्याचा टँकर यांसारखी वाहने आली आहेत. विम्याचे नूतनीकरण करताना मात्र बहुतेकांचे लक्ष हप्त्याच्या एकूण रकमेवरच खिळलेले असते. विमापत्रात कोणती जोखीम समाविष्ट आहे आणि कोणती नाही, हे अपघात घडल्यानंतरच उलगडते. “कायदेशीर दायित्वासाठी थोडी अधिक रक्कम भरून संरक्षण वाढवावयाचे काय?” असा प्रश्न विमा प्रतिनिधी विचारतो, तेव्हा अनेकजण तो अनावश्यक खर्च समजून नकार देतात. हा निर्णय विचारपूर्वक कसा घ्यावा, याचे विवेचन येथे केले आहे.

विमापत्रात मुळातच असलेले संरक्षण

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ अन्वये त्रयस्थ पक्षाच्या जोखमीचा विमा असल्याखेरीज कोणतेही वाहन सार्वजनिक ठिकाणी वापरता येत नाही. या तरतुदीचा भंग केल्यास कलम १९६ अन्वये पहिल्या अपराधासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आपल्या वाहनामुळे रस्त्यावरील माणूस दगावला किंवा जखमी झाला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील ती या विम्यातून दिली जाते.

भरपाईप्रमाणेच दाव्याच्या बचावाचीही तरतूद या विम्यात आहे. आपल्या देशात प्रचलित असलेल्या नमुना विमापत्रानुसार, कंपनीच्या लेखी संमतीने झालेला दाव्याचा खर्च कंपनी सोसते आणि मोटारमालकाच्या वतीने दाव्याचा बचाव आपल्या हाती घेण्याचा तिला अधिकार असतो. याच कारणासाठी, कंपनीच्या लेखी संमतीवाचून मालकाने अपघातग्रस्तांना कसलेही आश्वासन देऊ नये किंवा परस्पर तडजोड करू नये, अशी अट विमापत्रात घातलेली असते. तेव्हा त्रयस्थाने केलेल्या दाव्यापुरते कायदेशीर संरक्षण मूळ हप्त्यातच मिळालेले असते. त्यासाठी निराळी रक्कम भरण्याचे कारण नाही.

पगारी चालकाचे निराळे स्थान

खरा प्रश्न उद्भवतो तो स्वतःच्या पगारी चालकाविषयी. समजा, एका सेवानिवृत्त शिक्षकाने आपली मोटार चालविण्यासाठी दरमहा १२,००० रुपये वेतनावर एक चालक ठेवला आहे. रात्री परतताना मोटार झाडावर आदळते आणि चाळीस वर्षे वयाचा तो चालक मृत्युमुखी पडतो. दुसरे वाहन या अपघातात नाही. ज्याच्या निष्काळजीपणाबद्दल दावा करावा असा त्रयस्थ कोणीच नसल्यामुळे चालकाच्या कुटुंबास न्यायाधिकरणाचा मार्ग बहुधा अडचणीचा ठरतो.

मात्र मालक म्हणून त्या शिक्षकावर दुसऱ्या कायद्याने जबाबदारी येते. कामावर असताना आणि कामामुळे झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, त्यात मालकाची चूक होती की नव्हती हे पाहू नये, हे तत्त्व १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियमाने आपल्या देशात रूढ केले. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ते कायम राखण्यात आले आहे. मोटारीवर नेमलेला चालक या तत्त्वाच्या कक्षेत येतो. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेस चालकाच्या वयानुसार ठरविलेल्या गुणकाने गुणून भरपाई काढतात. १९२३ च्या अधिनियमातील कोष्टकात चाळीस वर्षे वयाचा गुणक १८४.१७ होता. त्यानुसार वरील उदाहरणात ६,००० गुणिले १८४.१७, म्हणजे ११,०५,०२० रुपये इतकी भरपाई होते. निवृत्तिवेतनावर निर्वाह करणाऱ्या गृहस्थाने ही रक्कम कोठून उभी करावयाची? आणि ती उभी राहिली नाही, तर चालकाच्या विधवेने व मुलांनी काय करावयाचे?

वाढीव संरक्षण म्हणजे काय

या जबाबदारीसाठी विमापत्रास एक पुरवणी जोडता येते. विमा क्षेत्रात ती ‘आयएमटी २८’ या क्रमांकाने ओळखली जाते आणि हप्त्याच्या तक्त्यात ‘लीगल लायबिलिटी टू पेड ड्रायव्हर’ अशा नावाने दर्शविली जाते. पगारी चालक, वाहक अथवा क्लीनर यांच्याविषयी मालकावर येणारे कायदेशीर दायित्व, तसेच लेखी संमतीने झालेला दाव्याचा खर्च या पुरवणीने कंपनीकडे जातो. तिचा हप्ता माणशी वर्षाला साधारण पन्नास रुपये इतकाच असतो. चालकाच्या अपघातानंतर असा जादा हप्ता भरला होता किंवा नाही, यावरून मालक व कंपनी यांच्यात वाद झाल्याची प्रकरणे न्यायालयांपुढे वारंवार आली आहेत. अशा वादात वर्षे जातात आणि तोवर मृताचे कुटुंब ताटकळत राहते.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. विमापत्रात १५ लाख रुपयांच्या वैयक्तिक अपघात विम्याचा उल्लेख पाहून, चालकाची सोय त्यातच झाली, असे पुष्कळांना वाटते. तो विमा मालक-चालकासाठी, म्हणजे नोंदणीकृत मालक स्वतः वाहन चालवीत असेल त्या प्रसंगासाठी आहे. पगारी चालकास तो लागू होत नाही. पगारी चालकासाठीही वैयक्तिक अपघात विमा घेता येतो, परंतु त्यात ठराविक रक्कमच मिळते. मालकाचे कायदेशीर दायित्व त्यामुळे संपत नाही.

निर्णय कसा घ्यावा

मोटार केवळ स्वतः मालक किंवा घरातील मंडळीच चालवीत असतील आणि पगारी माणसाच्या हाती किल्ली कधीच दिली जात नसेल, तर ही पुरवणी घेण्याचे प्रयोजन नाही. कायमचा चालक असल्यास मात्र ती अवश्य घ्यावी. लग्नकार्य, पंढरपूरची यात्रा किंवा रुग्णालयात जाणे यासाठी अधूनमधून पैसे देऊन चालक बोलावला जात असेल, तर अशा चालकास पुरवणी लागू होईल काय, हे कंपनीस आधीच लेखी विचारून घ्यावे.

ग्रामपंचायत किंवा संस्था मालक असेल तेथे हा विषय अधिक महत्त्वाचा आहे. जितकी माणसे वाहनावर काम करतात तितक्यांचा हप्ता भरलेला असला पाहिजे. घंटागाडीवर चालक व मदतनीस अशी दोन माणसे असून हप्ता एकाचाच भरला असेल, तर दुसऱ्याची जबाबदारी अखेर पंचायतीच्या निधीवर येऊ शकते. चालकाखेरीज अन्य नोकरवर्ग वाहनातून प्रवास करीत असेल, तर त्यांच्यासाठी स्वतंत्र पुरवणी असते, तिचीही चौकशी करावी. नव्या खाजगी मोटारीचा त्रयस्थ विमा १ सप्टेंबर २०१८ पासून एकदम तीन वर्षांसाठी घ्यावा लागतो. त्यामुळे खरेदीच्या वेळीच ही नोंद तपासणे हिताचे आहे.

पुरवणीच्या मर्यादा

पुरवणी घेतली म्हणजे मालक सर्व बाबतींत मोकळा झाला, असे नव्हे. चालकाकडे त्या प्रकारच्या वाहनाची वैध अनुज्ञप्ती नसल्यास कंपनी आपली जबाबदारी नाकारू शकते, किंवा अपघातग्रस्तास दिलेली रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. म्हणून नेमणुकीपूर्वी अनुज्ञप्ती पाहून तिची प्रत ठेवावी. चालकाचे नाव, नेमणुकीचा दिनांक व दिलेले वेतन यांची नोंद ठेवावी. वेतन किती होते हा प्रश्न भरपाईच्या वेळी हमखास उपस्थित होतो. फौजदारी खटल्यातील दंड विम्यातून मिळत नाही. देय भरपाई वेळेवर न दिल्याबद्दल लादलेली शास्तीही मालकासच सोसावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्पष्ट केले होते. अपघाताची खबर कंपनीस तत्काळ देणे हेही मालकाचे कर्तव्य आहे.

अपघातग्रस्त कुटुंबास दाद मागण्यासाठी विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चा आधार आहे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग व्यक्ती यांना या अधिनियमान्वये मोफत विधि सेवा मिळते. त्यासाठी तालुका किंवा जिल्हा पातळीवरील विधि सेवा यंत्रणेकडे अर्ज करावा. गावातील शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही माहिती गरजू कुटुंबांपर्यंत पोहोचविली पाहिजे.

हप्त्याच्या तक्त्यातील पन्नास रुपयांची ही ओळ वरवर क्षुल्लक दिसते. परंतु तिच्या एका बाजूस मालकाची आयुष्यभराची शिल्लक आहे आणि दुसऱ्या बाजूस, त्याच्या सांगण्यावरून रात्री-अपरात्री मोटार घेऊन निघणाऱ्या माणसाचे कुटुंब आहे. येत्या नूतनीकरणापूर्वी आपले विमापत्र काढून ती ओळ त्यात आहे किंवा नाही, हे प्रत्येक वाहनमालकाने पाहावे.