पीकपेरा कोणी लावायचा?

परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचे सरकारदरबारी जे अडते किंवा सुटते, त्यातले बरेचसे सातबाऱ्याच्या खालच्या भागात अडते-सुटते. वरचा भाग म्हणजे गाव नमुना सात. जमीन कोणाची, ते तो सांगतो. खालचा नमुना बारा त्या रानात यंदा काय उभे आहे, ते सांगतो. आमच्याकडे त्याला पीकपेरा म्हणतात. हमीभावाच्या केंद्रावर सोयाबीन घालायचे, पीकपेरा आणा. अतिवृष्टीचे अनुदान, विम्याचा दावा, बँकेचे पीककर्ज, सगळीकडे तेच. डिजिटल प्रशासन म्हटले की अनेकांना मंत्रालयातले मोठमोठे पडदे आठवतात. मला हा पीकपेरा आठवतो, आणि त्याच्याच नादाने मी वर्षानुवर्षे गावोगाव हिंडत आलो आहे.

पूर्वी हा पेरा तलाठी लावायचा. खरिपात आणि रब्बीत शिवार फिरून पाहणी करायची, असा नियम. पण एका सज्जात अनेक गावे, वर निवडणुका, टंचाई, पंचनामे. फिरणे व्हायचे कधी? मग चावडीवर बसून गेल्या सालचा पेरा पुढे ओढला जायचा. कापूस मोडून हळद लावली तरी कागदावर कापूसच. रान पाण्याखाली गेले आणि माणूस भरपाई मागायला गेला की कागद सांगायचा, हे पीक तुझ्याकडे नव्हतेच.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर मोबाइल ॲपवरची ई-पीक पाहणी सुरू झाली आणि लेखणी खातेदाराच्या हातात आली. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, आणि ती का, हे कळायला जरा मागे जावे लागेल.

परभणी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात. दप्तराची भाषा उर्दू, साल फसली. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन हाती येतो. हे गणित आमच्याकडच्या जुन्या वकिलांना पाढ्यासारखे पाठ असते. गावात लेखणी पटवाऱ्याच्या घरात, पिढीजात. रयतेला त्यातले अक्षर वाचता येत नसे आणि ताडून पाहायची सोयही नसे. पुढे १९५४-५५च्या सुमारास खासरा पाहणी झाली. मराठवाड्यात जमिनीचा वाद उभा राहिला की आजही खासरा पत्रक आवर्जून काढतात. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा कितीतरी वेळ पानावरून हात हलेना. कडा तपकिरी पडलेल्या, घडीवर फाटलेले, पण शाई अजून काळीभोर. ज्वारी, कापूस, करडई, आणि पुढे कसणाऱ्याचे नाव. सत्तर वर्षांपूर्वीचे शिवार डोळ्यांपुढे उभे राहते.

अशा जुन्या कागदांचे बस्ते २०२३ साली पुन्हा धडाक्याने उघडले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या जिल्हाधिकारी कार्यालयांत उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना मान आला. मराठा आरक्षणाचा वाद आपल्या जागी. माझ्या लेखी त्या शोधाची कमाई अशी, की वाळवीच्या तोंडी जाऊ पाहणारी हजारो पाने स्कॅन झाली. हे काम कोणत्याही मागणीची वाट न पाहता आधीच व्हायला हवे होते.

बाकीचा इतिहास थोडक्यात सांगतो. देशपातळीवर भूमी अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा कार्यक्रम २००८ साली आला. राज्यात हस्तलिखित सातबारे संगणकावर चढले, चुका शोधण्यासाठी २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले, १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत घालून दिली. २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायचे काम निघाले. प्रत्येक टप्पा महत्त्वाचा आहे, पण यातला एकही माणसाला स्वतःच्या बांधावर उभे करत नाही.

ई-पीक पाहणीत ते कसे घडते, हे मी जिंतूर तालुक्यात डोंगराकडेच्या एका गावात पाहिले. आई खातेदार, फोन मुलीच्या हातात. मुलीने गट क्रमांक निवडला, हंगाम खरीप. पुढचा प्रश्न : निर्भेळ पीक की मिश्र? रानात सोयाबीन आणि तूर.

“माय, तुरीची तासं किती धरायची?”

“चाराला दोन. पेरताना मीच व्हते की मागं.”

चार तासे सोयाबीन, दोन तूर, ही परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतलीच पद्धत. पूर्वी अशा रानाला ‘सोयाबीन’ लिहून मोकळे होत आणि तूर कागदावरून नाहीशी होई. इथे दोन्ही पिकांचे क्षेत्र वेगळे भरले गेले, मग सिंचनाचे साधन, लागवडीची तारीख. शेवटी फोटो. तो रानात उभे राहूनच काढावा लागतो, कारण त्याच्याबरोबर अक्षांश-रेखांश जातात. मुलगी सोयाबीनमध्ये शिरली, आई मागून ओरडली, “शेंगा तुडवू नको!” नेटवर्क डोंगरापलीकडे होते, म्हणून माहिती फोनमध्ये साठवून संध्याकाळी गावात चढवली. काही चुकले तर ४८ तासांत स्वतः दुरुस्त करता येते. त्या बाईने उभ्या आयुष्यात सरकारी दप्तरात स्वतःहून भरलेली ही पहिली नोंद होती, आणि ती अचूक होती.

ज्यांना फोन जमत नाही, त्यांच्यासाठी आता गावपातळीवर सहायक नेमले जातात. चांगलेच आहे. मात्र सहायकाने दहा खातेदारांचा पेरा एका बैठकीत उरकू नये, यावर गावानेच नजर ठेवावी. नाहीतर चावडीतली जुनी खोड मोबाइलमध्ये येईल.

पेरा लागल्यावरही वाट सरळ नसते. अतिवृष्टीनंतर गावात हेच प्रश्न ऐकू येतात : यादीत नाव आलं का, व्हीके नंबर (विशिष्ट क्रमांक) निघाला का, केवायसी केली का? एका तालुक्याच्या गावी केवायसीसाठी सेवा केंद्रासमोर लागलेल्या रांगेत मी एक आजोबा पाहिले. कापूस वेचून, नांगर धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या. यंत्र अंगठा घेईना. पोराने ओल्या फडक्याने बोट पुसले, पुन्हा ठेवले, पुन्हा तेच. अशा माणसासाठी दुसरा मार्ग असतो, पण केंद्रावर तो सांगणारे कोणी नव्हते. कष्टाने झिजलेल्या हाताला ओळख नाकारली जाणे मला सहन होत नाही. अंगठा न उमटल्यास काय करायचे, हे प्रत्येक केंद्राच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावणे सक्तीचे करावे.

आता मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. आमच्या जिल्ह्यात पुष्कळ रान बटईने आणि ठोक्याने जाते. मालक परभणीला, पुण्याला. मातीत हात घालणारा दुसराच. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर नमुना बाराच्या शेवटाकडे ‘जमीन करणाराचे नाव’ असा रकाना असे. ॲपमधली नोंद मात्र खातेदाराच्या खात्यावर चढते. पीक बटईदाराचे वाहून जाते आणि अनुदान मालकाच्या खात्यात येते. सज्जन मालक अर्धे काढून देतो. सगळेच सज्जन नसतात.

मालकाची भीतीही खोटी नाही. हैदराबाद कुळवहिवाट कायदा १९५०चा, आणि त्याच्या कलम ३८-ईने संरक्षित कुळांना मालकी मिळाली, हे आमच्या भागात घराघरांत माहीत आहे. कसणाऱ्याचे नाव कागदावर चढले की जमीन गेली, असे बापाने पोराला सांगून ठेवलेले असते. म्हणून बटई तोंडीच ठरते, पाडव्याला, साक्षीदार चहापुरते.

यावर वाट निघू शकते. आंध्र प्रदेशाने २०१९ साली पीक कसणाऱ्यांच्या हक्कांचा कायदा केला. तिथे मालकाच्या संमतीने ११ महिन्यांचा करार होतो, कसणाऱ्याला कार्ड मिळते, आणि मालकीला धक्का लागत नाही, हे कायद्यातच लिहिलेले आहे. अंमलबजावणीत मालकाची सही मिळवणे तिथेही जड जाते, हे खरे. पण आपल्याकडे ॲप आहे, शेतकऱ्याचा ओळख क्रमांक आहे, अक्षांश-रेखांशासह फोटो आहे. फोटो काढायला बांधावर जातो तो बटईदारच. मालक पुण्याहून गट क्रमांक सांगतो आणि हा त्याच्या नावाने पेरा लावतो. एका हंगामापुरते, मालकी हक्काशी संबंध नाही असे स्पष्ट लिहून, बटईदाराचे नाव त्या नोंदीत घालायला कायद्याची एक दुरुस्ती आणि ॲपमध्ये एक रकाना लागेल. येत्या खरिपाआधी ते झाले, तर पेरणीच्या वेळी मी पुन्हा शिवारांत हिंडून तो रकाना कोण कसा भरतो, ते पाहणार आहे.