संक्रांत आणि नामविस्तार दिन
सण लहान की मोठा हे पंचांगावरून ठरते, असे मला वाटत नाही. पाचोडला संक्रांत तीळगुळाने साजरी होते. आमच्या वस्तीला मात्र १४ जानेवारी म्हणजे संभाजीनगरच्या विद्यापीठ गेटवर जाण्याचा दिवस. १९९४ साली याच तारखेला मराठवाडा विद्यापीठाच्या नावात बाबासाहेब आले. विधिमंडळाचा ठराव जुलै १९७८चा. त्यावर वस्त्या पेटवल्या गेल्या, पोचिराम कांबळे मारले गेले, १९९३ मध्ये गौतम वाघमारेंनी आत्मदहन केले. म्हणून जुनी माणसे गेटवर आधी डोळे पुसतात. पोरांना ढोलताशे हवेत. तेही रास्तच, सोळा वर्षे लढून मिळाले आहे. पेच पडतो तो संध्याकाळी, शेजारून तीळगूळ आला की. आई तो घेते. 'गोड बोला'ला मात्र उत्तर देत नाही.