सध्या आपण काय वाचता?



सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलेला आपला माणूस सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. शिवाजी पार्कच्या मैदानात पुस्तकांच्या दुकानांपुढे तो तासन् तास उभा राहतो, खिशातले पैसे दोनदा मोजतो, गावच्या भाड्याचे बाजूला काढतो आणि उरलेल्यात पुस्तके घेतो. परतीच्या गाडीत भाकरीच्या फडक्याशेजारी ती पिशवी असते. नागपूरला दीक्षाभूमीवरही हेच दृश्य. याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्या पुस्तकांचे पुढे घरी काय होते, असे कोणी विचारले तर?

आमच्याच घरचे सांगतो. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ आमच्याकडे कित्येक वर्षे शोकेसमध्ये होता. प्लॅस्टिकच्या वेष्टनात, भगवंतांच्या मूर्तीशेजारी. पौर्णिमेला त्याच्यापुढे मेणबत्ती लागे. उघडला मात्र कोणी नव्हता. आमची आई शाळेची पायरी चढलेली नाही. एका वर्षावासात ती म्हणाली, “रोज फडक्यानं पुसते मी त्याला. आत काय लिवलंय ते कवा सांगणार?” आम्ही बी. कॉम. झालेले, कचेरीत दिवसभर फायली वाचणारे. आमच्याजवळ उत्तर नव्हते.

त्याच रात्री वेष्टन फाडले. बाबासाहेबांचा मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली निघाला. आकार पाहून माणूस घाबरतो, पण आतली मांडणी लहान लहान, क्रमांक घातलेल्या परिच्छेदांची आहे. मोठ्याने वाचायला इतका सोयीचा ग्रंथ दुसरा नाही. जेवणे झाल्यावर चार पाने, एवढाच नेम ठेवला. शाक्य आणि कोलिय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद आला, तशी आई सरसावून बसली. “म्हंजी पाण्याचा तंटा तवाबी हुताच की!” महाडच्या तळ्याची गोष्ट तिने आपल्या सासऱ्यांकडून ऐकली होती. ती मग तिने नातवंडांना सांगितली. त्या रात्री पाने दोनच झाली.

पुढे हे वाचन आम्ही विहारात नेले. रविवारी वंदनेनंतर अर्धा तास ग्रंथ आणि अर्धा तास दुसरे एखादे पुस्तक. पहिल्या रविवारी सात माणसे होती, त्यांतली दोन चहासाठी थांबलेली.

दुसरे पुस्तक म्हणून फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ घेतले. ‘स्त्री’ मासिकात क्रमशः येऊन १९८६ साली ते पुस्तकरूपाने निघाले. बेबीताई किराणा दुकान चालवीत. पुड्या बांधायला आणलेली रद्दीची वर्तमानपत्रे आधी वाचून काढीत, आणि आपले लिखाण घरच्यांच्या नजरेस पडू नये म्हणून वर्षानुवर्षे लपवून ठेवीत. एवढे सांगितले तरी बायका पुढे सरकल्या.

पण त्यात महारवाड्यातल्या सुनांच्या छळाचे वर्णन आहे. पळून जाऊ नये म्हणून पोरीच्या पायात लाकडाचा खोडा घालीत, ते आहे. ते पान आले आणि आमच्या शेजारच्या आत्या, वयाने ऐंशीच्या घरातल्या, एकदम म्हणाल्या, “बंद कर रे बाबा. आता पुरं.” त्यांची सून शेजारीच बसली होती. मागून एक कार्यकर्ता म्हणाला, “आपल्याच घरातली धुणी विहारात कशाला धुता? बाहेरचे हसतील.” आम्ही पुस्तक मिटले. मिटायला नको होते, असे आज वाटते.

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली ग्रंथालीने काढले, तेव्हाही समाजातून असाच सूर निघाला होता. आपली उघडीवाघडी जिंदगी चव्हाट्यावर का मांडली, म्हणून. आमचे मत विचाराल तर, गावकीने आपल्याला छळले ते लिहायचे आणि आपण आपल्या बायकांना छळले ते झाकायचे, हा हिशेब जुळत नाही. खातेवही लिहिणाऱ्या माणसाला तरी तो पटू नये.

पुढल्या रविवारी आत्या आधीच येऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, “त्ये खोड्याचं पान परत वाच.” वाचले. त्यांनी आपल्या सासूचे सांगितले, मग जरा थांबून स्वतः सासू झाल्यावरचेही सांगितले. सून खाली बघत होती. दोघी घरी एकत्रच गेल्या. तो कार्यकर्ता पुढचे तीन रविवार आला नाही. आता येतो, पण दाराजवळ बसतो.

सध्या आमच्या हातात ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ आहे. २००३ सालचे. आयदाने म्हणजे कोकणात बांबूच्या कामट्यांची विणलेली सुपे-टोपल्या. नवरा गेल्यावर लेखिकेच्या आईने ती विणून घर चालवले. लोकलमध्ये उभ्याने वाचता येईल असे ओघवते पुस्तक आहे. आमचे एकदा स्टेशन चुकले आणि हजेरीपटावर उशिराची खूण पडली.

दुसऱ्यांना काय सुचवाल, असे तरुण विचारतात. नोकरीच्या परीक्षा देणाऱ्या मुलांनी नरेंद्र जाधवांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ वाचावे. पोर्ट ट्रस्टमध्ये राबलेल्या बापाची पोरे कशी शिकली, ते त्यात आहे. आयाबहिणींसाठी शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. ‘नाजुका’ ही मालिका याच पुस्तकावरून दूरदर्शनवर आली होती, थोरांना आठवेल. नागपूरच्या वस्तीतली चळवळ समजून घ्यायची तर वसंत मून यांचे ‘वस्ती’. आणि शासनाने काढलेले बाबासाहेबांचे इंग्रजी खंड पाहून ज्यांचा धीर सुटतो, त्यांनी थेट अठरावा खंड मागावा. त्याच्या तीन भागांत बाबासाहेबांची मराठी भाषणे आहेत. आपल्या आजोबांनी मैदानात बसून ऐकली, ती.

पुस्तक विकतच घेतले पाहिजे असे नाही. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या शाळकरी भीमरावाला केळुसकर गुरुजी पुस्तके देत. स्वतः लिहिलेले बुद्धचरित्रही त्यांनीच त्याला भेट दिले. लग्नात, नामकरणात आपण भांडी देतो. एक पुस्तक दिले तर कोणाचे काय बिघडेल? फक्त देताना आपण आधी वाचलेले द्यावे.

तर आपण सध्या काय वाचता, ते या पानाकडे चार ओळींत लिहून पाठवा. पुस्तकाचे नाव, घरात कोणी वाचले, कोणी ऐकले. अर्धवट सोडले असेल तर कुठे सोडले, तेही लिहा. आम्हाला त्यात जास्त रस आहे.

येत्या रविवारी आम्ही ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ सुरू करीत आहोत. १९८९ सालचे हे पुस्तक आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांविषयी आहे. आत्यांचे माहेर नाशिककडचे. त्यांची आई १९३० साली काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला गेली होती, असे त्या सांगतात. काल त्यांनी दारातूनच विचारले, “त्यात माझ्या आयचं नाव सापडंल का रं?” आम्ही सांगितले, बघतो. आत्या म्हणाल्या, “तू नको बघू. समद्यांसमोर वाच, म्या ऐकते.”