जुनी सायकल, लांबचा प्रवास

बाइकपॅकिंगसाठी, म्हणजे मोजके सामान सायकलच्या फ्रेमलाच बांधून आडवाटांनी करायच्या मुक्कामी भटकंतीसाठी, महागडी नवी सायकल लागतेच असे नाही. पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली गिअरची एमटीबी किंवा हायब्रिडही चालते. फ्रेम मात्र मापाची आणि शाबूत हवी. हँडलखालचा जोड, पेडलच्या आसाभोवतीचा भाग आणि सीटचा दांडा शिरतो ती जागा पुसून उजेडात पाहावी. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर नख फिरवावे. नख अडकले तर तडा असण्याची शंका घ्यावी. पोलादी फ्रेम जाणकार वेल्डर सांधू शकतो, ॲल्युमिनियमची बाद धरलेली बरी.

पहिला खर्च चाकांवर करावा. सामानाचा बहुतेक भार मागच्या चाकावर येतो आणि स्वस्त चाकाचे स्पोक तिथेच, बहुधा गिअरच्या बाजूला तुटतात. कारागिराकडून सगळे स्पोक सारखे ताणून आउट काढून घ्यावा, हब उघडून छर्रे बदलावेत आणि नवे ग्रीस भरावे. हे काम मजुरीत भागते, पण फरक सर्वांत मोठा पडतो. त्यानंतर टायर. २६ इंची चाकावर १.९५ ऐवजी २.१ इंच रुंदीचा टायर खडीच्या रस्त्यावर हादरे बरेच शोषतो; दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटर तरी मोकळी जागा उरायला हवी, नाहीतर चिखल अडकून चाक जाम होते.

दुसरा खर्च गिअरवर. कोकणच्या सागरी रस्त्याने जाणाऱ्याला याची गरज लगेच पटते : रस्ता खाडीपाशी उतरतो आणि पलीकडे पुन्हा सड्यावर चढतो, दिवसातून अनेकदा. पुढे २८ आणि मागेही २८ दात असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक एकदा फिरते. मागे ३४ दातांचे फ्रीव्हील बसवले तर ते सुमारे ०.८२ फेराच फिरते. वेग घटतो, पण तोच चढ सुमारे १८ टक्के कमी जोर लावून चढता येतो. मागच्या डिरेलरला ३४ दात झेपतात का, हे आधी पाहावे. फ्रीव्हीलबरोबर चेनही नवीच घ्यावी. झिजलेली चेन नवे दात खाते.

ब्रेकचे रबर आणि केबल बदलणे स्वस्त आहे आणि घाटाच्या उतारासाठी अत्यावश्यक. पुढचे स्वस्त सस्पेन्शन वजनदार असते. ते अडकत नसेल तर राहू द्यावे. बॅगांवरही सुरुवातीला पैसे घालू नयेत. पाणी न शिरणारी साधी पिशवी पट्ट्यांनी हँडलला बांधली आणि मागे कॅरिअर बसवला की दोन-तीन दिवसांचे सामान मावते. जड वस्तू खाली आणि मधोमध ठेवाव्यात. सीट मात्र स्वतःला सोसणारीच हवी. तिथे काटकसर करू नये.

कामाला हात घालण्यापूर्वी सुट्या भागांची आणि मजुरीची बेरीज करावी. ती चांगल्या स्थितीतल्या वापरलेल्या सायकलच्या किमतीपर्यंत जात असेल, तर जुनीवर खर्च न करता ती वापरलेली सायकलच घ्यावी.